मत विचारलं, पण कशावर? १९५६ची मुंबई, बेळगाव आणि कलम ३

आजच्या भागाची सुरुवात माझ्या आजीच्या एका सवयीपासून करते. आम्ही मुलुंडला राहतो. घरातलं कुणी दादरला निघालं की आजी विचारते, "मुंबईला चाललीस का?" लहानपणी मला याचं फार हसू यायचं. मी म्हणायचे, "आजी, आपण मुंबईतच राहतो की!" त्यावर ती म्हणायची, "तुम्ही राहता. मी मुलुंडात राहते."

पुढे कधीतरी वाचताना कळलं की आजी चुकत नव्हती. १९५० साली मुंबई महापालिकेची हद्द वाढली, ती पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेला भांडुपपर्यंत. म्हणजे अंधेरी आत, घाटकोपर आत. बोरिवली आणि मुलुंड मात्र बाहेर, ठाणे जिल्ह्यात. ती दोन्ही आत आली फेब्रुवारी १९५७ मध्ये, हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत सरकली तेव्हा. आजी शाळेत असताना मुलुंड खरंच मुंबई नव्हतं.

आता या दोन वर्षांच्या मधली एक तारीख लक्षात ठेवा. १६ जानेवारी १९५६. त्या दिवशी पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून जाहीर केलं की मुंबई शहर केंद्रशासित होणार. महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा आणि मुंबई दिल्लीच्या ताब्यात. समजा ती रेष तेव्हाच्या महापालिकेच्या हद्दीवरून आखली गेली असती, तर? मी रोज मुलुंडहून लोकल पकडते, घाटकोपरला उतरते, मेट्रोनं अंधेरीला ऑफिसात जाते. भांडुप यायच्या आतच मी महाराष्ट्र सोडून दुसऱ्या प्रदेशात शिरले असते. रोज. विंडो सीट मिळो वा न मिळो.

तर आजचा प्रश्न हा, की अशी रेष आखतं कोण? ज्यांच्या अंगणातून ती जाते त्यांना विचारायचं असतं का? आणि विचारलं, तर ऐकायचं असतं का?

उत्तर आपल्या संविधानाच्या कलम ३ मध्ये आहे. नवं राज्य करणं, राज्याची हद्द वाढवणं, कमी करणं, नाव बदलणं, हे सगळं संसद कायदा करून करू शकते. त्यासाठी साधं बहुमत पुरतं. कलम ४ तर स्पष्टच सांगतं की असा कायदा म्हणजे घटनादुरुस्ती मानायची नाही. राज्याच्या वाट्याला एकच गोष्ट येते. विधेयक संसदेत मांडण्याआधी राष्ट्रपतींनी ते त्या राज्याच्या विधिमंडळाकडे पाठवायचं आणि त्याचं मत मागवायचं. मत. संमती नाही.

माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांना हा फरक लगेच कळेल. तुम्ही काहीतरी लिहिता आणि सहकाऱ्याकडे रिव्ह्यूला पाठवता. काही ठिकाणी त्याचं अप्रूव्हल मिळाल्याशिवाय तुमचं काम पुढे जातच नाही. काही ठिकाणी तो फक्त शेरे लिहितो, आणि मर्जचं बटण तुमच्याच हातात असतं. कलम ३ खाली राज्यं दुसऱ्या प्रकारात बसतात. शेरे लिहा. बटण दिल्लीत आहे.

आता यात एक बारीक गोष्ट आहे, आणि ती आपल्या मुंबईच्या लढ्याच्या अगदी मध्यावर घडली. मूळ संविधानात विधिमंडळाचं मत 'अजमावून' घ्यायचं होतं, पण त्याला मुदत नव्हती. एखाद्या राज्यानं मत दिलंच नाही तर? विधेयक लटकलं. म्हणून २४ डिसेंबर १९५५ ला पाचवी घटनादुरुस्ती अमलात आली. त्यानंतर राष्ट्रपती मुदत घालून देणार. तेवढ्यात मत आलं तर ठीक, नाही आलं तरी मुदत संपली की विधेयक मांडायला मोकळं.

ही दुरुस्ती नेमकी तेव्हाच का आली, हे त्या महिन्यांकडे पाहिलं की कळतं. राज्य पुनर्रचना आयोगाचा, म्हणजे फाझल अली आयोगाचा अहवाल ३० सप्टेंबर १९५५ ला आला होता. आयोगानं आंध्र, केरळ, कर्नाटक यांना भाषेवर आधारलेली राज्यं सुचवली. मराठी आणि गुजराती माणसांना मात्र एकाच द्वैभाषिक राज्यात ठेवायचं म्हटलं, आणि विदर्भ वेगळा. ते कुणालाच पटेना. मग नोव्हेंबरात काँग्रेसच्या श्रेष्ठींनी तोडगा काढला, तीन राज्यांचा. महाराष्ट्र, गुजरात आणि स्वतंत्र मुंबई.

२१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबई विधानसभेत पुनर्रचनेवर चर्चा चालू होती. तेव्हा विधानसभा आजच्या नरिमन पॉइंटला भरत नव्हती. रीगल सिनेमाजवळची ती जुनी दगडी इमारत आठवते का, आज जिथे राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे? ते तेव्हाचं काउन्सिल हॉल. कामगार, विद्यार्थी, सामान्य माणसं तिकडे मोर्चानं निघाली. पोलिसांनी त्यांना फ्लोरा फाउंटनपाशी अडवलं आणि गोळीबार केला. १५ माणसं गेली. मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई.

हा प्रसंग आपण शाळेत शिकतो, पण मला त्यातलं अंतर जाणवलं ते प्रत्यक्ष चालून पाहिल्यावर. फ्लोरा फाउंटन ते काउन्सिल हॉल, पायी जेमतेम पंधरा मिनिटं. आत आमदार मत देत होते, बाहेर माणसं मत द्यायला निघाली होती. आणि दोन्हीकडची मतं ज्यांच्यापर्यंत जायला हवी होती, ते बसले होते दिल्लीला.

जानेवारीतल्या त्या घोषणेनंतर पुन्हा उद्रेक झाला, पुन्हा गोळीबार. लढ्यातल्या हुतात्म्यांचा आकडा आपण बोलताना १०५ म्हणतो, कुणी १०६ म्हणतं, १०७ ही म्हणतं. आजीला त्या जानेवारीचं एवढंच आठवतं की शाळा बंद होती आणि तिचे वडील दोन रात्री कामावरून घरी आले नव्हते, कारण गाड्या नीट चालत नव्हत्या. "फोन कुठे होते? वाट बघायची फक्त," ती म्हणते.

६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, कॉम्रेड डांगे, प्रबोधनकार ठाकरे, एरवी एकमेकांच्या वाऱ्याला उभे न राहणारे लोक एका व्यासपीठावर आले.

आणि इकडे कायद्याचं काम चालूच होतं. राज्य पुनर्रचना विधेयक तयार झालं. कलम ३ प्रमाणे ते राज्यांच्या विधिमंडळांकडे मतासाठी गेलं. त्यात काय लिहिलं होतं? तीन घटक. एक, महाराष्ट्र राज्य, मराठवाडा आणि विदर्भासह. दोन, गुजरात राज्य, सौराष्ट्र आणि कच्छसह. तीन, केंद्रशासित मुंबई. मुंबई विधिमंडळाला ज्यावर मत विचारलं, ते हे. १८ एप्रिल १९५६ ला विधेयक लोकसभेत मांडलं गेलं. मग ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, तिचा अहवाल १६ जुलैला आला.

जुलैतच अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला. देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि खासदार कुलाबा मतदारसंघाचे, म्हणजे आजचा रायगड. मुंबईचा निर्णय ज्या पद्धतीनं घेतला गेला त्यावरच त्यांचा आक्षेप होता. मंत्रिमंडळात त्याचा नीट विचारच झाला नाही, असं त्यांनी लोकसभेत सांगितलं. बघा, विधिमंडळाला विचारलं की नाही हा प्रश्न तर दूरच. देशाचा अर्थमंत्री म्हणतोय की मलाही नीट विचारलं नाही.

आणि मग ऑगस्ट उजाडला. लोकसभेत चर्चा चालू असताना सगळा बेतच बदलला. मोठ्या संख्येनं खासदार म्हणाले की तीन तुकडे नकोत, एकच मोठं राज्य करा. मराठी, गुजराती, मुंबई, विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र, कच्छ, सगळं एकत्र. द्वैभाषिक मुंबई राज्य. सरकारनं ते मानलं, दुरुस्ती झाली, विधेयक मंजूर झालं, ३१ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली आणि १ नोव्हेंबर १९५६ ला हे राज्य अस्तित्वात आलं. मराठी माणूस नाराज, कारण संयुक्त महाराष्ट्र मिळाला नाही. गुजराती माणूस नाराज, कारण महागुजरात मिळाला नाही. अहमदाबादेत ८ ऑगस्टला गोळीबार झाला, विद्यार्थी मेले.

आता माझ्या त्या रिव्ह्यूच्या उदाहरणाकडे परत या. विधिमंडळाकडे रिव्ह्यूला गेलं तीन राज्यांचं विधेयक. मर्ज झालं एका राज्याचं. ज्यावर शेरे मागवले ते एक, जे लागू झालं ते दुसरंच. आमच्या ऑफिसात कुणी असं केलं तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये त्याचं काही खरं नाही.

हाच मुद्दा घेऊन बाबुलाल पराते नावाचे एक नागरिक कोर्टात गेले. सप्टेंबर १९५६ मध्ये त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला. म्हणणं साधं होतं. द्वैभाषिक राज्यावर मुंबई विधिमंडळाला मत द्यायची संधीच मिळाली नाही, म्हणून कायद्यातलं ते कलम घटनाबाह्य आहे. उच्च न्यायालयानं अर्ज फेटाळला. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे निकाल लागला २८ ऑगस्ट १९५९ ला, म्हणजे राज्य होऊन जवळजवळ तीन वर्षं झाल्यावर. तोही विरोधात.

न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात सांगते, कारण आजही या विषयावर तोच निकाल आधार मानला जातो. मत मागवायचं असतं ते विधेयकात मांडलेल्या प्रस्तावावर. ते मागवलं गेलं, अट पूर्ण झाली. पुढे संसदेत त्यात दुरुस्ती झाली म्हणून प्रत्येक वेळी विधेयक पुन्हा राज्याकडे पाठवायची गरज नाही. आणि मुदतीत मत आलं, तरी ते स्वीकारायला संसद बांधलेली नाही.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. मग थोडं शांतपणे विचार केला. न्यायालयाची अडचणही खरी आहे. प्रत्येक दुरुस्तीला विधेयक परत पाठवत बसलं, तर संसदेत चर्चेला अर्थच उरत नाही; खासदारांनी काही सुधारायचं म्हटलं की गाडी परत पहिल्या स्टेशनला. पण अंधेरी लोकल बोरिवलीला थांबेल असं सांगून विरारला नेली, तर ती 'दुरुस्ती' म्हणायची का, हा माझा प्रश्न आहे.

अशा वेळी पटकन सुचणारा उपाय म्हणजे व्हेटो. राज्याची संमती बंधनकारक करा, मामला खतम. मलाही आधी तेच वाटलं होतं. पण जरा १९५६ च्या नकाशावर हे लावून बघा. तेव्हाच्या मुंबई राज्यात गुजराती भाग होता, कानडी जिल्हे होते. मराठवाडा होता हैदराबाद राज्यात. विदर्भ होता मध्य प्रदेशात. संयुक्त महाराष्ट्र व्हायचा तर तीन वेगवेगळ्या विधिमंडळांची संमती लागली असती. त्या प्रत्येक ठिकाणी 'नको' म्हणणारे भरपूर होते. व्हेटो असता, तर १ मे १९६० उजाडलाच नसता. जो हक्क आपल्याला हवासा वाटतो, त्यानंच आपलं राज्य अडवलं असतं. हे मला गिळायला जड गेलं, पण आहे ते असं आहे.

मग मधला रस्ता काय? इथे मी तुम्हाला थोडं युरोपला नेते. कारण अगदी हाच प्रश्न तिकडेही आहे, फक्त पाट्या वेगळ्या. युरोपियन युनियनमध्ये २७ देश. कायद्याचा प्रस्ताव मांडतो ब्रसेल्सचा युरोपियन कमिशन. पण प्रत्येक देशाला स्वतःची संसद आहे. ब्रसेल्समध्ये कायदे व्हायला लागले, मग या संसदांनी काय करायचं? नुसतं बघत बसायचं?

१ डिसेंबर २००९ ला लिस्बन करार लागू झाला आणि या संसदांना एक हत्यार मिळालं. तिकडे त्याला फुटबॉलच्या भाषेत 'यलो कार्ड' म्हणतात. प्रस्ताव आला की प्रत्येक संसदेला आठ आठवडे मिळतात. बघा, मुदत तिथेही आहे. 'जे काम देश स्वतः नीट करू शकतो, त्यात युनियन नाक खुपसतेय' असं वाटलं, तर संसद तसं कारणांसह कळवते. प्रत्येक देशाला दोन मतं, दोन सभागृहं असतील तर एकेक. २७ देशांची ५४ मतं झाली. त्यातली एक-तृतीयांश, म्हणजे १८ मतं विरोधात पडली, की यलो कार्ड. पोलीस आणि न्यायाच्या विषयांत तर एक-चतुर्थांश पुरतात.

कार्ड दाखवल्यावर काय होतं? प्रस्ताव रद्द होत नाही. कमिशनला तो पुन्हा तपासावा लागतो. ठेवायचा, बदलायचा की मागे घ्यायचा हे कमिशनच ठरवतं. पण जे ठरवेल त्याची कारणं द्यावी लागतात. हे शेवटचं वाक्य आपल्या कामाचं.

आजवर हे कार्ड तीनदा दाखवलं गेलं. २०१२ मध्ये संपाच्या हक्काबद्दलच्या एका प्रस्तावावर. कमिशनचं म्हणणं होतं की आमचं काही चुकलेलं नाही, तरी प्रस्ताव मागे घेतला. २०१३ मध्ये युरोपियन सरकारी वकिलाचं कार्यालय काढण्यावर. तिथे कमिशननं प्रस्ताव पुढे रेटला. २०१६ मध्ये दुसऱ्या देशात कामाला पाठवलेल्या कामगारांच्या पगाराच्या नियमांवर. ११ देशांच्या संसदांनी, बहुतेक पूर्व युरोपातल्या, विरोध केला. कमिशननं त्यांना कारणं देऊन उत्तर दिलं, प्रस्ताव तसाच ठेवला, आणि २०१८ मध्ये तो कायदा झाला. म्हणजे तीनपैकी दोनदा संसदांचं ऐकलं गेलं नाही. पण एकदाही त्यांना उत्तराशिवाय सोडलं नाही.

डेन्मार्क तर याच्याही पुढे गेला आहे. तिथला मंत्री ब्रसेल्सला महत्त्वाच्या वाटाघाटींना जाण्याआधी आपल्या संसदेच्या युरोपविषयक समितीसमोर येतो आणि मी तिथे काय भूमिका घेणार ते सांगतो. समितीत त्याच्या विरोधात बहुमत नसेल, तरच तो ती भूमिका घेऊन जातो. म्हणजे बदल वरच्या पातळीवर झाला, तरी खालची संसद आधीच खोलीत असते.

आपल्याकडे १९५६ मध्ये नेमकं हेच नव्हतं. ऑगस्टात बेत बदलला तेव्हा मुंबई विधिमंडळाला कुणी सांगितलं नाही, की तुमचं मत आम्ही वाचलं, अमुक कारणानं घेतलं नाही, आणि आता हे नवं आहे. मग उत्तर मिळालं कुठे? १९५७ च्या निवडणुकीत. पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत समितीनं काँग्रेसला घाम फोडला. यशवंतराव चव्हाणांचं सरकार टिकलं, पण मराठी मुलखाचा कौल काय आहे ते दिल्लीला कळलं. दुसरीकडे महागुजरातचा रेटा होताच. १९६० मध्ये मुंबई पुनर्रचना विधेयक आलं, २५ एप्रिलला त्यावर सही झाली, आणि १ मेला महाराष्ट्र आणि गुजरात झाले. त्यात मुंबई आपली झाली. मुलुंड तोवर महापालिकेत आलेलंच होतं. आजीच्या भाषेत मात्र अजून नाही.

इथे गोष्ट संपवता आली असती. पण ऑफिसातल्या माझ्या एका मैत्रिणीमुळे ती संपत नाही.

ती मूळची बेळगावची. घाटकोपरला पीजीमध्ये राहते, रोज आम्ही मेट्रोनं एकत्र जातो. १९५६ च्या त्याच कायद्यानं बेळगाव जिल्हा, फक्त चंदगड तालुका सोडून, मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्याला, म्हणजे आजच्या कर्नाटकाला दिला. १ नोव्हेंबर हा एकच दिवस. कर्नाटकात त्या दिवशी राज्योत्सव असतो आणि बेळगावातले मराठी लोक काळा दिन पाळतात. तिच्या आजोबांनी आयुष्यभर तो पाळला. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. त्यानं १९६७ मध्ये २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ कर्नाटकाला द्यायला सांगितली, बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच ठेवलं. महाराष्ट्रानं ते मानलं नाही. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला.

२७ डिसेंबर २०२२ ला आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बातमी आली. नागपूरच्या अधिवेशनात महाराष्ट्र विधिमंडळानं एकमतानं ठराव केला, की बेळगाव, कारवार, बिदर, निपाणी, भालकीसह ८६५ गावांची इंच न् इंच जमीन महाराष्ट्रात आणण्यासाठी प्रयत्न करू. पाचच दिवस आधी कर्नाटकाच्या विधिमंडळानं उलटा ठराव केला होता, एक इंचही देणार नाही म्हणून. टेबलावर दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. मी तिच्याकडे पाहिलं. ती डबा बंद करत होती. म्हणाली, "ठराव झाला, बरं झालं. पुढं काय होतंय?"

मला उत्तर येत नव्हतं. आता येतं, पण ते ऐकायला चांगलं नाही. हद्द बदलायचा कायदा फक्त संसदेत होऊ शकतो. राज्याच्या ठरावाला उत्तर देण्याची सक्ती दिल्लीवर नाही. कलम ३ खाली केंद्रानं विचारलं तरच राज्याच्या मताला अधिकृत जागा असते. आपण होऊन दिलेलं मत म्हणजे दार न वाजवता बाहेरून मारलेली हाक. आणि दोन राज्यांनी एकमेकांविरुद्ध एकमतानं ठराव केले, की दोन्ही हाका एकमेकींना बुडवतात.

बरं, विचारल्यावर तरी काय होतं? आंध्र प्रदेशच्या विधानसभेनं ३० जानेवारी २०१४ ला तेलंगणाचं विधेयक आवाजी मतानं फेटाळलं. त्याच वर्षी २ जूनला तेलंगणा झालं. तेलंगणाच्या लोकांची मागणी जुनी आणि खरी होती, त्यामुळे इथेही व्हेटो असता तर त्यांचं राज्य झालंच नसतं. आणि २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरची विधानसभा आधीच बरखास्त होती, राष्ट्रपती राजवट होती, म्हणून तिथल्या विधिमंडळाच्या जागी मत नोंदवलं ते संसदेनंच. म्हणजे कोड लिहिणारा आणि रिव्ह्यू करणारा एकच माणूस.

म्हणून माझं म्हणणं असं, आणि हे माझं म्हणणं आहे, तुम्ही जरूर भांडा. राज्यांना व्हेटो नको. पण मत विचारलं तर उत्तर द्यायची सक्ती हवी. तुमच्या विधिमंडळानं अमुक अमुक म्हटलं, आम्ही हे घेतलं, हे घेतलं नाही, या कारणांनी. लेखी, संसदेच्या पटलावर, कुणालाही वाचता येईल असं. आणि विधेयक मुळातूनच बदललं, तीन राज्यांचं एक राज्य झालं, तर एकदा, फक्त एकदा, छोटी मुदत घालून पुन्हा विचारावं. पाचव्या दुरुस्तीनं राज्यांना मुदत घातली. केंद्रावर उत्तराची जबाबदारी घातली नाही. हिशोब एका बाजूनंच लिहिला गेला.

उत्तरानं काय फरक पडतो, असं तुम्ही विचाराल. निर्णय तर तोच राहणार. मला वाटतं, पडतो. कारण दिलं की त्या कारणाशी भांडता येतं. कारणच दिलं नाही, की माणसं काउन्सिल हॉलकडे चालायला लागतात. फ्लोरा फाउंटनच्या बाजूला आज जे स्मारक आहे, त्यावरच्या नावांपैकी किती जणांना कलम ३ माहीत असेल? पण विचारलं आणि ऐकलं नाही, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

गेल्या आठवड्यात मेट्रोमध्ये मी हे सगळं मैत्रिणीला सांगितलं, यलो कार्डासकट. तिनं साकीनाका ते मरोळ नाका ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमच्या आजोबांना नाही म्हणून कळवलं असतं ना, तरी चाललं असतं. ते गेले तेव्हापण वाट बघत होते." तेवढ्यात अंधेरी आलं आणि आम्ही उतरलो.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात त्या काळचं कुणी असेल, बेळगावचं, डांगचं, मुंबईचं, अहमदाबादचं, तर त्यांना आजच विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. मी आजीचं केलंय. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.